उसनं वळण

मालनबाई खोत नवव्या दिवशी उजव्या हाताने चहाचा कप उचलून प्यायल्या आणि दस्तगीरचाचांच्या पोटात दुखलं.

हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनीही वाजवल्या, न वाजवून सांगतात कुणाला? मिरजेच्या करपल्लव केंद्रात कुणाला नवीन काही जमलं की टाळी द्यायची असा रिवाजच होता, आणि ती दोन्ही हातांनी द्यायची हाही. ही टाळी शिकण्यात चाचांचे चार महिने गेले होते. कप उचलण्यात सात. तोही पहिल्या दिवशी निम्मा सदऱ्यावर सांडला होता. आणि ही बेडगची बाई, गेल्या दिवाळीत अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, केंद्रात येऊन तिला जेमतेम नऊ दिवस झाले होते. तिने कप उचलला, फुंकर मारली, घोट घेतला आणि वर "साखर कमी हाय" अशी तक्रारही केली.

पण पोटात दुखायचं कारण नुसते नऊ दिवस नव्हते. चाचांची नजर तिच्या करंगळीवर गेली होती. चार बोटं कपाला धरून होती आणि करंगळी वेगळी, बाहेर, ताठ. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस चालवताना चाचांच्या शिकलगार घराण्यात करंगळी अशी बाहेर काढून लाकडाला टेकवतात. तिच्यावरून हाताची उंची कळते. चाचांच्या वडिलांची अशीच होती, आजोबांची अशीच होती. अर्धांगवायूनंतर मेलेला हात पुन्हा शिकवताना चाचांनी हट्टाने ती सवय तशीच शिकवली होती. ती करंगळी शिकलगारांची होती, आणि ती बेडगच्या मालन खोतांच्या हाताला कशी आली, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

ऋजुता मॅडम केंद्रातल्या थेरपिस्ट. वयाने चाचांच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. चाचांनी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"मॅडम, मला कपाला सात महिने लागले होते."

"माहीत आहे, चाचा. तुम्हाला सात लागले म्हणून तर त्यांना नऊ दिवस पुरले."

मॅडमनी हे कौतुकाने सांगितलं. चाचांना ते चापटीसारखं लागलं.

गोष्ट अशी होती. अर्धांगवायूत हात जात नाही, हाताला हुकूम देणारा मेंदूचा तुकडा जातो. हाताचे स्नायू, नसा, हाडं सगळं जागच्या जागी धडधाकट असतं, पण हुकूमच येत नाही. मात्र त्या मेलेल्या तुकड्याच्या आसपासचे शेजारी जिवंत असतात आणि माणसाने "उचल" असं मनात म्हटलं की ते काहीतरी पुटपुटतात. ते पुटपुटणं ऐकायला कवटीच्या आत नखाएवढी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बसवायची. जाळीने ऐकलेलं दंडावरच्या बाहीला कळवायचं. बाहीच्या आत सव्वाशे बारीक टोकं. ती ज्या त्या स्नायूला हलका विजेचा चिमटा काढतात आणि बोट हलतं.

अडचण एवढीच, की कुठल्या पुटपुटण्याचा अर्थ कुठलं बोट, हे ना यंत्राला ठाऊक ना मेंदूला. दोघांनी एकमेकांना शिकवायचं. एकच हालचाल हजारदा, दहा हजारदा. चुकायचं, पुन्हा करायचं. असं करत करत एक दिवस जोडी जमते आणि हाताला वळण लागतं. केंद्रातले लोक त्या जमलेल्या जोडीलाच 'वळण' म्हणत, आणि ते यंत्रात साठवलेलं असे.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेने दोन वर्षांपूर्वी असं दाखवून दिलं, की एका मेंदूचं वळण दुसऱ्याला बसवता येतं. जखमेची जागा मिळतीजुळती हवी, आणि मधे बरंच गणित.

"तुमच्या भाषेत सांगते," ऋजुता मॅडम म्हणाल्या होत्या. "काळी दोनमध्ये गायलेला राग काळी पाचमध्ये नेला तर प्रत्येक सूर बदलतो, पण राग तोच राहतो ना? तसंच. आम्ही फक्त पट्टी बदलतो."

चाचांना ते लगेच समजलं होतं. समजलं नव्हतं ते एवढंच, की राग त्यांचा असणार होता. दुसऱ्या महिन्यात डाव्या हाताने कुठल्याशा कागदावर त्यांनी सही केली होती. 'माझं वळण इतर रुग्णांच्या उपयोगासाठी वापरायला माझी संमती आहे.' जुना चष्मा दान करावा तसं काही असेल, असं त्यांना वाटलं होतं.

*

केंद्राच्या भिंतीवर प्रत्येकाचं ध्येयपत्रक लावलेलं असे. वर एकच ध्येय, ज्याचं त्याच्या शब्दांत, आणि खाली त्याच्या पायऱ्या. पायरी जमली की हिरवा ठिपका. चाचांच्या कागदावर लिहिलं होतं, 'वडिलांच्या तानपुऱ्याची जवारी माझ्या हाताने काढायची.' नऊ पायऱ्या, आठ हिरवे ठिपके. नववी पाच महिने कोरी.

घोडीचा माथा कानशीने अगदी किंचित उतरता करायचा, इतका किंचित की तार छेडली की ती हाडाला चाटून जाईल आणि एका तारेतून दहा सूर गुंजतील. हीच जवारी. तानपुऱ्याचा जीव तिच्यात असतो, बाकी भोपळा आणि लाकूड. चाचांच्या वडिलांनी केलेला शेवटचा तानपुरा धारवाडच्या एका गायिकेकडे होता. अर्धांगवायूच्या आधीच्या आठवड्यात तो जवारीसाठी दुकानात आला आणि तेव्हापासून गवसणीत घालून भिंतीवर होता. चाचांची मुलगी नफिसा बाकीच्या वाद्यांची जवारी मशीनवर काढून देई, आणि मशीनची जवारी वाईट नसे. पण धारवाडच्या बाईंनी कळवलं होतं, "मशीन नको. मेस्त्रींचा हात परत येऊ दे. मी थांबते." बाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

आता या घराचा एक रिवाज सांगितला पाहिजे. शिकलगारांच्या दुकानात कुणीही यावं, बसावं, चहा प्यावा. पण जवारीची कानस हातात घेतली की मेस्त्री भिंतीकडे तोंड करून बसणार आणि सगळ्यांकडे पाठ. गिऱ्हाईक असो, भाऊबंद असो, जावई असो. आजोबांनी मुलाला शिकवलं तेही त्याला डोळे मिटायला लावून, नुसत्या आवाजावरून, आणि हात दाखवला तो अगदी शेवटच्या वर्षी. मुलींना तर तेही नाही, कारण मुली परक्या घरी जाणार.

त्या संध्याकाळी चाचांनी नफिसाला सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढला होता. नफिसाने तानपुऱ्याच्या खुंट्या पुसता पुसता ऐकून घेतलं.

"म्हणजे जवारीचा हात बेडगला गेला," ती म्हणाली.

"हसू नकोस."

"हसत नाही, अब्बा. मी अकरा वर्षांची होते. पडद्यामागं लपून बघत होते. तुम्ही घोडीवर फडकं टाकलंत आणि मी जाईपर्यंत हात बांधून बसलात. आठवतं?"

चाचांना आठवत होतं.

"मी परक्या घरी जाणार म्हणून. मी तर लग्नच केलं नाही, इथंच राहिले. आणि हात गेला परक्या घरी." तिने फडकं झटकलं. "मला हेवा वाटतोय त्या बाईचा. खरं सांगते, फार हेवा वाटतोय."

 आपल्याला जे झालंय त्याला हेवा म्हणतात, हे चाचांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

*

पुढच्या दोन महिन्यांत मालनबाईंच्या कागदावर ठिपक्यांचा पाऊस पडला. त्यांचं ध्येय मॅडमनी त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं होतं: 'रोज शंभर भाकरी. पयल्यासारख्या.' बेडगच्या फाट्यावर त्यांचं भाकरी केंद्र होतं आणि हात गेल्यापासून बंद होतं. पाचव्या आठवड्यात त्यांनी पीठ मळलं. सहाव्यात थापायला घेतलं. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, पाचवी गोल आली. केंद्रात कुणी पाहुणे आले की त्यांना आधी मालनबाईंच्या टेबलाशी नेत. पूर्वी चाचांच्या टेबलाशी नेत.

सगळ्यात वाईट म्हणजे बाई स्वभावाने चांगली होती. तिचा राग करायला काही धड सापडतच नव्हतं. रोज दुपारी ती फडक्यात बांधलेली भाकरी चाचांच्या टेबलावर आणून ठेवी.

"घ्या मेस्त्री. तुमच्याच हातची समजा. मॅडम म्हनल्या, शिकवनी तुमची हाय."

चाचा म्हणत, भूक नाही. मग ती गेल्यावर खात. भाकरी पातळ, खमंग, कडेपर्यंत फुगलेली असे, आणि प्रत्येक घासाला त्यांचा जळफळाट वाढे.

इकडे नववी पायरी हलत नव्हती. उंटाच्या हाडाच्या तुकड्यांवर ते रोज सराव करत. सुरुवातीचे हात बरोबर पडत. पण शेवटचा हात, ज्यात कानस नुसती स्वतःच्या वजनाने हाडावरून गेली पाहिजे, तिथे घोटाळा होई. त्यांचा हात एकतर दाबे, नाहीतर लटकून जाई. दोन्हींच्या मधलं काही त्याला येतच नव्हतं. आणि हाड एकदा जास्त उतरलं की उतरलं, ते परत चढवता येत नाही. टेबलाखालच्या डब्यात बिघडलेल्या तुकड्यांचा ढीग साठला होता.

त्यातच धारवाडहून निरोप आला. बाईंची तब्येत बरी नव्हती. 'पाडव्याला घरच्या घरी शेवटचं गाईन म्हणते. तोवर हात आला तर फार बरं. नाहीतर मशीनची करून द्या, वाईट वाटून घेऊ नका.' पाडव्याला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, चाचा टेबलाशी बसले होते. शेवटचा हात तिसऱ्यांदा चुकला आणि त्यांनी कानस खाली ठेवली. मालनबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या.

"बगू का जरा?" असं म्हणत त्यांनी कानस उचलली. चाचा नाही म्हणायच्या आत करंगळी बाहेर गेली, लाकडाला टेकली, आणि कानस हाडावरून सरकली. दाब नाही, लटकणं नाही. हाडाची पूड खाली पडली ती ज्वारीच्या पिठाइतकी मऊ.

"आगं बया," मालनबाई म्हणाल्या. "मला काय बी ठावं न्हाई, हातच गेला."

चाचांनी कानस त्यांच्या हातातून काढून घेतली.

"हे खेळणं नाही," ते म्हणाले, आणि इतक्या हळू म्हणाले की मालनबाई दोन पावलं मागे सरल्या.

तिथून ते तडक ऋजुता मॅडमच्या खोलीत गेले. संमती मागे घ्यायची होती. ती केव्हाही मागे घेता येते, असं त्याच कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं आणि ती ओळ चाचांनी आता डोळ्यांत तेल घालून वाचली होती.

मॅडमनी समजावून पाहिलं. "सोमवारी सकाळी सगळ्या बाह्या नव्याने भरल्या जातात. तेव्हा तुमचं वळण त्यांच्या बाहीतून निघेल. मग त्यांच्या हातात काय उरेल, ते मला आज सांगता येणार नाही. काहीच उरणार नाही असंही होऊ शकतं."

"माझं आहे ना ते?"

"तुमचंच आहे."

"मग निघू दे."

त्यांनी सही केली, या वेळी उजव्या हाताने. सही झकास आली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नफिसाला सांगितलं. मुलीला बरं वाटेल अशी त्यांना आशा होती.

"त्या बाईचा हात बंद पडला तर?" नफिसाने विचारलं.

"माझं मी परत घेतलं. चोरी नाही केली."

"मला हेवा वाटला होता, अब्बा. तिचा हात तोडावा असं नव्हतं वाटलं." ती ताटावरून उठली. तिची भाकरी अर्धी तशीच राहिली.

*

सोमवारी चाचा केंद्रात लवकर पोचले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आपण केलेलं बघायला म्हणा, किंवा बघवतंय का ते बघायला. शनिवार-रविवार त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. मालनबाईंचा हात मांडीवर मेल्यासारखा पडलाय, असं डोळ्यांसमोर येई, आणि तो हात त्यांना चांगला ओळखीचा होता. कितीतरी महिने त्यांचा स्वतःचा तसाच पडलेला होता.

हॉलच्या दाराशीच त्यांना आवाज आला. थप, थप, थप.

मालनबाई काटवटीशी बसल्या होत्या. भाकरी थापत होत्या. हात नेहमीसारखाच फिरत होता.

"बाही भरली नाही का अजून?" चाचांनी मॅडमना विचारलं.

"सातलाच भरली. तुमचं वळण निघालं." मॅडमनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. "ही तुमची, ही त्यांची. पहिले सहा आठवडे एकावर एक आहेत. मग बघा, त्यांची वेगळी होत गेली. त्या भाकरी थापायला लागल्या तेव्हापासून त्यांच्या मेंदूने स्वतःचं वळण पाडलं. तुमचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, आमच्याही लक्षात आलं नाही. परांची बांधतात ना भिंत उभी करायला? भिंत उभी राहिली होती. तुम्ही परांची काढलीत, एवढंच."

चाचांना हायसं वाटलं. आणि लगेच, त्याच पोटात, पुन्हा दुखलं. म्हणजे ती आपल्या जिवावर जगतच नव्हती. शुक्रवारचा तो कानशीचा हात, ज्याच्यामुळे ते पेटले होते, तो आपला नव्हताच. तिचा होता. इतका राग धरला, आणि आता धरायला कारणही उरलं नाही.

मालनबाईंनी त्यांना पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि हात पुसत आल्या.

"मला शुक्रवारीच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "नियम हाय म्हनं, सांगावं लागतं."

चाचांनी खाली पाहिलं. तिला कळवतील हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शनवार-ऐतवार घरी निस्त्या भाकरी थापल्या. दोनशे चाळीस. लेक म्हनली, आई, खानार कोन? म्हनलं, जाईपातूर हात वापरून तर घेऊ. शेजारपाजार, गुरंढोरं, समद्यास्नी घातल्या." त्यांनी एकदा तव्याकडे पाहिलं. "लय राग आला हुता तुमचा, मेस्त्री. अजून हाय."

"असणारच," चाचा म्हणाले.

"मी काय वंगाळ केलं हुतं तुमचं?"

काही नाही, हे खरं उत्तर होतं. चाचांनी ते दिलं.  मालनबाई तव्याकडे परत गेल्या, भाकरी करपायला लागली होती.

जाताना ऋजुता मॅडमनी त्यांना थांबवलं. "चाचा, एक सांगू? तुमच्या वळणात जिद्द फार आहे. एकोणीस महिने तुम्ही जोर लावून शिकलात, तो जोर त्या वळणात मुरलाय. म्हणून शेवटचा हात हलका पडत नाही. त्यांचा हात थापून थापून हलका झालाय. सुरुवात तुमच्यापासून झाली असल्यामुळे त्यांचं वळण तुम्हाला लगेच बसेल. पण त्यांची संमती लागेल. आणि इथे ती मागायची ज्याची त्याने."

"मी मागू? तिच्याकडे?"

"तुमचं ध्येय आहे, चाचा. माझं नाही."

चाचा घरी गेले. मंगळवारी एक हाड बिघडवलं. बुधवारी दोन. गुरुवारी दुकानात त्यांनी भिंतीवरच्या गवसणीवरची धूळ झटकली आणि वडिलांचं वाद्य खाली उतरवून मांडीवर घेतलं. तार छेडली. सूर आला तो कोंदटलेला, तोंडावर पदर घेतल्यासारखा. दोन वर्षं तो तसाच वाट बघत होता. एका बाईचा हेवा करायचा की हा सूर मोकळा करायचा, यातलं एकच जमणार होतं. कुणी सांगावं, दोन्ही जमलंही असतं. पण मागायला मात्र जावंच लागणार होतं.

शुक्रवारी ते मालनबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "तुमचा हात मला पाहिजे."

मालनबाई थापायच्या थांबल्या नाहीत. "आन् मी न्हाई म्हनलं तर?"

"तर तुमचं बरोबर आहे."

थप, थप. भाकरीची कड वाढत गेली. "देते," त्या म्हणाल्या. "पर एक अट हाय. ते तुमचं वाद्य माझ्याम्होरं करायचं. मला बगायचंय, ह्यो हात मुळात कशासाटी शिकला हुता."

चाचांच्या घरात तीन पिढ्यांत ही अट कुणी घातली नव्हती. घालायची कुणाची छातीच झाली नव्हती.

"या," ते म्हणाले.

*

पाडव्याला आठ दिवस असताना मालनबाई दुकानात आल्या. येताना फडक्यात भाकरी आणि ठेचा होता. नफिसाने त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि जाऊ की थांबू अशी दारात घुटमळली. चाचा काही बोलले नाहीत, म्हणून ती थांबली.

चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला. बाहीत मालनबाईंचं वळण भरून दोन आठवडे झाले होते. पहिल्या दिवशी हात परक्यासारखा वाटला होता, सासरी आलेल्या मुलीसारखा बावरलेला. आता रुळला होता. तारा बाजूला सारून त्यांनी कानस उचलली आणि सवयीने भिंतीकडे वळून बसले.

मागे दोन बायका. भिंतीवर मोकळी खुंटी.

अट अट होती. चाचा तानपुऱ्यासकट हळूहळू फिरले, तरी पुरते नाही. खिडकीकडे तोंड झालं आणि तिथेच थांबले. म्हणजे आता पाठ नव्हती, पण हात दिसायचा तो बाजूने. याहून जास्त त्यांना झेपलं नसतं.

कानस चालू लागली. चार हात, तार चढव, छेड, ऐक. उतरव. पुन्हा तीन. कान चाचांचा होता, तो कधी कुठे गेला नव्हता. कुठे किती उरलंय ते तोच सांगत होता. सूर बंद होता, मग थोडा उघडला, मग एका बाजूला कलला. पहिल्या दोन तारांचा शेवटचा हात राहिला. करंगळी लाकडाला टेकली. चाचांनी श्वास धरला नाही, दात आवळले नाहीत. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी हाताला काही सांगितलंच नाही. कानस आपल्या वजनाने गेली, आणि टोकाला पोचताच मनगट एवढंसं गोल फिरलं. काटवटीतली भाकरी वळवावी तसं.

त्यांनी तार छेडली.

सूर उघडला. षड्ज उठला, त्याच्यातून पंचम, त्याच्यातून गंधार, आणि दुकानातली बाकीची वाद्यंही भिंतीवर टांगल्या टांगल्या बारीक गुणगुणू लागली. चाचांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण एका हातात तार होती आणि दुसऱ्यात कानस. वडिलांचा आवाज होता तो. दोन वर्षं आणि एक बाई मधे गेली होती.

"आसं हाय व्हय," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी आपला उजवा हात उचलून उलटसुलट करून बघितला. "बरं झालं. मला वाटलं हुतं, कायतरी बारकं काम आसंल."

नफिसा जवळ सरकली होती. "अब्बा, शेवटी मनगट असं का फिरवलंत? दादाजींचं पण असंच होतं?"

हो म्हणता आलं असतं. खानदानी हात, म्हणून खपून गेलं असतं, आणि मालनबाईही काही बोलल्या नसत्या.

"माझं नाही ते," चाचा म्हणाले. "त्यांना विचार."

नफिसाने विचारलं. मालनबाईंनी पदर खोचला आणि हवेतच भाकरी थापून दाखवली. दाब कुठे द्यायचा, सोडायचा कुठे, कड फाटू नये म्हणून मनगट कसं वळवायचं. नफिसाने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. "असं?" "न्हाई गं, सैल. आजून सैल. हां." दोघींची डोकी एकमेकींना लागली होती. नफिसा हसत होती. सत्तावीस वर्षं ती याच दुकानात होती, आणि जवारीच्या कामाबद्दल तिला असं कुणीतरी पहिल्यांदा हात धरून सांगत होतं.

चाचांच्या पोटात दुखलं. तेच जुनं दुखणं, त्याच जागी. त्यांनी थोडा वेळ सहन केलं. दोघी त्यांच्याकडे बघतही नव्हत्या.

मग तानपुरा घेऊन ते पुरते फिरले. खिडकीकडचं तोंड वळलं, भिंतीकडे पाठ झाली आणि घोडी नफिसाच्या अगदी समोर आली. त्यांनी उरलेल्या जोडीच्या तारा बाजूला केल्या, कानस उचलली, करंगळी बाहेर काढली.

"ते नंतर," ते म्हणाले. "आधी इकडं बघ. दोन तारा राहिल्यात अजून."